बसवाला मला 'लव्ह' म्हणतो

शेफिल्ड,
रविवार, ८ जून २०२५

अहो,

मायना लिहायला बसले आणि अर्धा तास तिथेच अडकले. येवल्याच्या शाळेत आम्हाला वडिलांना 'तीर्थरूप' लिहायला शिकवलं, धाकट्या भावाला 'चिरंजीव', मुख्याध्यापकांना 'माननीय', आणि पुस्तकं मागवायची तर पुस्तकविक्रेत्यालासुद्धा 'महोदय'. नवऱ्याला काय लिहायचं ते मात्र एकाही बाईंनी सांगितलं नाही. 'प्रिय' लिहून पाहिलं, तर आपल्या दोघांच्या मध्ये तिसरंच कोणीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं. खोडलं. 'श्रीमान' लिहिलं, तर थकबाकीची नोटीस वाटायला लागली. तेही खोडलं. शेवटी बेचाळीस वर्षं ज्या हाकेला तुम्ही आतल्या खोलीतून 'काऽय?' म्हणून ओरडता, तीच लिहिली.

रोज फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. तर फोनवर तुम्ही तीनच वाक्यं बोलता. पाऊस आहे का, पोरगा कामावर गेला का, आणि ठेवू का. चौथं वाक्य बोलायचं असेल तर पत्राशिवाय इलाज नाही. शिवाय तुम्ही छत्तीस वर्षं टपालखात्यात काढलीत. जगाच्या पत्रांवर शिक्के हाणलेत, त्यांचे बटवडे केलेत, आणि तुमच्या स्वतःच्या नावाने काय आलं, तर विम्याच्या हप्त्याची आठवण. म्हटलं, एक तरी येऊ दे. पिनकोड नीट घातलाय, ४२२००३, सहाच्या सहा आकडे सुटे सुटे. तिकीट कितीचं लागलं ते सांगत नाही, तुम्हाला झोप लागणार नाही. चिकटवायचं तिकीट जगात पहिल्यांदा इथेच निघालं, १८४० साली, म्हणजे ते आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या, सावानाच्या, वयाचं. हे मला कोणी सांगितलं? तुम्ही. लग्नानंतर आपण दोघं पहिल्यांदा एकटे बसलो, तेव्हा तुम्ही माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

असो. मुख्य बातमी अशी की इथला बसवाला मला 'लव्ह' म्हणतो.

घाबरू नका, पुढे वाचा. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात पोराबरोबर बसमध्ये चढले. ड्रायव्हर म्हणजे साडेसहा फूट, डोक्याचा चकोट, दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले. मशीनवर कार्ड टेकवलं तर म्हणतो, 'थँक्यू, लव्ह.' मी पदर सारखा केला आणि सरळ मागच्या सीटवर जाऊन बसले. वाटलं, पोराच्या देखत हे काय! तेवढ्यात मागून चढणाऱ्या आपल्या पोरालाही तो म्हणाला, 'लव्ह.' त्याच्या मागून आला एक दाढीवाला गवंडी, त्यालाही 'लव्ह'. पोरगा म्हणाला, आई, यॉर्कशायरात हे असंच असतं. बसवाला, भाजीवाली, दवाखान्यातली बाई, सगळे सगळ्यांना लव्हच म्हणतात, पुरुष पुरुषांनासुद्धा. मी निःश्वास सोडला. थोडी हिरमुसलेही, खोटं कशाला बोलू.

मागच्या शनिवारी चेस्टरफील्डला गेलो होतो. तिथे एका चर्चचा कळस पिळलेल्या धुण्यासारखा वाकडा आहे, तो बघायला लोक लांबून येतात. (सरळ कळस बघायला आपल्याकडे कोणी येत नाही.) हे गाव इथून जवळच, पण तिथे चहावाली मला म्हणाली, 'डक.' म्हणजे बदक! दहा-बारा मैलांत लव्हचं बदक झालं. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, ते हेच.

पोराचं म्हणणं असं की आपल्या मराठीत हे नाहीच. अनोळखी माणसाला आपण मायेने काही म्हणत नाही. मी म्हटलं, वा रे वा. निमाणी बसस्टँडवरचा रिक्षावाला मला मावशी म्हणतो, तो काय माझ्या बहिणीचा मुलगा आहे? भाजीवाली ताई म्हणते, दूधवाला काकू म्हणतो, पोलीस दादा होतो, कंडक्टर भाऊ होतो. सगळ्या गावाला आपण घरात घेऊन ठेवलंय. फरक एवढाच की इथे एकच दर सगळ्यांना, आणि आपल्याकडे वयाप्रमाणे दर बदलतो. मी निमाणीवर ताईची वहिनी झाले, वहिनीची काकू झाले, काकूची मावशी झाले, आणि दोन वर्षांपूर्वी एका मेल्याने 'आजी, बसा' म्हटलं तेव्हा मी त्याच्या रिक्षात न बसता चालत घरी आले. गुडघा आठ दिवस सुजला होता. तुम्ही कारण विचारलंत तेव्हा मी 'पाय मुरगळला' म्हणाले. इथे सोळा वर्षांची पोरगी आणि सहासष्ट वर्षांची मी, दोघी लव्ह. ह्यात मला बरं वाटतं, लपवत नाही.

पण सवय व्हायला वेळ लागला. इथे लोक समोर आले की विचारतात, 'ऑलराइट, लव्ह?' मला वाटलं चौकशी करतायत. एका बाईला मी गुडघ्यापासून सुरुवात करून पित्तापर्यंत आले होते, तोवर तिची बस आली आणि गेलीसुद्धा. ती मात्र उभी राहिली. नंतर सूनबाईंनी सांगितलं की ह्याचं उत्तर फक्त 'ऑलराइट' एवढंच द्यायचं असतं. मग विचारता कशाला, म्हटलं. पण त्या बाईने बस सोडली हे माझ्या लक्षात राहिलंय.

घरातही तोच प्रकार. नात शाळेत जाताना 'लव्ह यू, आजी', आली की 'लव्ह यू, आजी', न्हाणीघरात जाताना दार लावता लावतासुद्धा 'लव्ह यू'. मला काय उत्तर द्यावं सुचत नाही. 'हो हो, नळ नीट बंद कर,' असं म्हणते. तिला ते उत्तर चालतं.

तिला मी रात्री 'श्यामची आई' वाचून दाखवते. अर्धं मराठीत, अर्धं हातवाऱ्यांनी. परवा तिने विचारलं, आजी, श्यामची आई त्याला लव्ह यू कधी म्हणते? म्हटलं, फटके दिले की तसं समजायचं. तिला सांगितलं की हे पुस्तक आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिलंय, साने गुरुजींनी, १९३३ च्या फेब्रुवारीत, पाच दिवसांत. ती म्हणाली, तुरुंगात का? स्वातंत्र्याचं सगळं तिला सांगितलं, पण मनात म्हटलं, मराठी माणसाने मायेवर इतकं मोकळं लिहायचं तर त्याला आत टाकावंच लागत असणार. बाहेर असता तर संकोचला असता.

तर हे सगळं एका संध्याकाळी पोराशी बोलत होते, आणि बोलता बोलता म्हणून गेले की तुझ्या वडिलांनी बेचाळीस वर्षांत माझ्याशीच काय, जगात कुणाशी मायेचा एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. तो चहा ढवळत होता. म्हणाला, 'आई, तुला त्या चपलांचं माहीत नाही?'

कुठल्या चपला ते तुमच्या लक्षात आलं असेल. आता उठू नका. बसा आणि वाचा.

२०१८ चा मार्च. मेन रोडवरून तुम्ही चामड्याच्या नव्याकोऱ्या चपला आणल्या होत्यात, अकराशे रुपयांच्या, आणि आठव्या दिवशी अनवाणी घरी आलात. 'देवळाबाहेरून गेल्या,' म्हणालात. मी त्या चोराला सात वर्षं शिव्या दिल्या. त्याच्या टाचांना भेगा पडाव्यात इथपासून त्याला जावई वाईट मिळावा इथपर्यंत. आणि सात वर्षं तुम्ही समोर बसून, पेपर तोंडापुढे धरून, त्या ऐकल्यात.

म्हणजे तुम्ही ६ मार्चला देवळात नव्हे, नाशिकच्या सीबीएस चौकात गेला होतात. शेतकऱ्यांचा लाँग मार्च तिथून मुंबईला निघाला त्या दिवशी. जाताना जिन्यात तुमची बडबड चालू होती, ती मी ह्या कानांनी ऐकलीय. रस्ते अडवतात, बँकेची कामं होत नाहीत, ह्यांना दुसरा उद्योग नाही. आणि तिथे सुरगाण्याकडचा कोणी म्हातारा दिसला, चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीने बांधलेला, आणि एकशेऐंशी किलोमीटर चालणार म्हणत होता. तुम्ही त्याला काय म्हणालात ते पोराने तुमच्याच आवाजात करून दाखवलं. 'अक्कल आहे का तुम्हाला? ह्या चपलेने कसारा घाट उतरणार?' आणि ओरडत ओरडतच पायातल्या काढून त्याच्यापुढे ठेवल्यात. त्याला एक नंबर मोठ्या होत्या म्हणे. त्यावरही तुम्ही त्यालाच रागावलात.

ते लोक सहा दिवस चालले. रविवारी, ११ तारखेला, सायनजवळच्या सोमय्या मैदानावर पोचले. पायांची सालटी निघालेली, ते फोटो आपण दोघांनी बघितले होते, तुम्ही चष्मा पुसत होतात. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर. सकाळी मोर्चा निघाला तर मुंबईचे रस्ते तुंबतील आणि पोरं परीक्षेला पोचणार नाहीत, म्हणून ही माणसं रात्रीच पुन्हा उठली आणि अंधारात चालत पहाटे आझाद मैदानावर गेली. वन्संची नात त्या वर्षी दादरला दहावीला होती. वेळेत पोचली, पेपर सोपा गेला, घरी येऊन वरणभात जेवली. तिच्यासाठी रात्री कोण चाललं ते तिला ठाऊकही नव्हतं. त्यात एक जोड आपल्या घरातला होता ते मलाही नव्हतं. मुंबईकरांनी वाटेत उभं राहून पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या, हे सगळं पेपरात आलं. तुमचं कसं येणार? तुम्ही चोरी जाहीर केलीत.

मला आता एवढंच कळवा की त्या चोराची माफी मी कुठे मागू.

दुसरी गोष्ट शेजारणीची. बाई चौऱ्यांशी वर्षांची, एकटी, मुलगा ऑस्ट्रेलियात. ह्या देशाने एकटेपणाचं काम बघायला चक्क मंत्री नेमला होता, तोही २०१८ सालीच, जानेवारीत. थट्टा नाही करत. आपल्या वाड्यात होते तेव्हा मला घटकाभर एकटं बसायला मिळावं म्हणून मंत्री नेमावा लागला असता. २०१५ च्या सिंहस्थात आपल्याकडे अठरा माणसं उतरली होती, त्यातली चार कोणाची हे अजून कळलेलं नाही. मी समजत होते तुमच्याकडची, तुम्ही समजत होतात माझ्याकडची. पुरणपोळी खाऊन, पाया पडून गेली.

तर ह्या शेजारणीला मी आल्यावर वाटीभर साबुदाण्याची खिचडी पाठवली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, घासून लख्ख, आत एक कार्ड, 'थँक्यू, लव्ह.' आणि वाटी रिकामी! दोन दिवस मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. रिकामी वाटी परत करतात का कुठे? चिमूटभर साखर तरी घालावी. सूनबाई म्हणाली, आई, इथे स्वच्छ धुऊन देणं हीच रीत. मग तिनेच कुंपणावरून त्या बाईला आपली रीत समजावून सांगितली. बाई ऐकत राहिली आणि मान डोलावत आत गेली.

पुढच्या खेपेला मी थालीपीठ दिलं. ताटलीवर परत आली मोठी मोळी, तिच्या परसातल्या रुबार्बची. लाल-गुलाबी जाड देठ, आंबट, आणि वर अळूसारखी रुंद हिरवीगार पानं. ह्या मुलखाला रुबार्बचं वेड आहे. वेकफील्डच्या बाजूला ते अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात तोडतात, इतके लाड. मी म्हटलं, देठांचं बघू, पण एवढी पानं टाकायची कशाला? फदफदं करू. दाणे भिजत घातले, चिंच कोळली, पानं चिरून पातेल्यात टाकली. सूनबाई कामावर, पोरगा कामावर.

आमची ओट्यावरची खिडकी आणि तिची खिडकी समोरासमोर आहेत. तिने काय बघितलं कोण जाणे, पण दार धाडकन उघडलं आणि ती बाई आली. पावसात, घरातल्या गाऊनवर, एका पायात सपाता, दुसरी वाटेत चिखलात राहिलेली. 'नो, लव्ह! नो! नो!' पातेलं माझ्या हातातून हिसकलं आणि सगळं मोरीत. दाणेसुद्धा! मग स्वतःचा गळा धरून, जीभ बाहेर काढून, डोळे फिरवून तिने मला मरून दाखवलं. रुबार्बचे देठ खातात, पानं विषारी असतात. त्यानंतर पाच मिनिटं ती मला रागावत होती. एक शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. एरवी ती गोड बोलायची तेव्हा मला परकी वाटायची. त्या दिवशी असं खेकसली की वाटलं, पंचवटीतच आहे.

तिला बसवलं, पाय पुसायला पंचा दिला, आलं घालून चहा केला. चहा तिखट आहे म्हणून तिने तोंड वेडंवाकडं केलं, पण संपवला. देठांचा मी मेथांबा केला, गूळ-मेथी घालून. कैरीच्या तोंडात मारेल असा झाला. एक बरणी तिच्याकडे गेली. ती टोस्टवर लावून खाते.

बाकी, पोराच्या कारखान्याजवळून जाताना त्याने सांगितलं की स्टेनलेस स्टील ह्याच गावात सापडलं, १९१३ साली, हॅरी ब्रेअर्ली नावाच्या माणसाला. म्हणजे छत्तीस वर्षं मी तुम्हाला ज्या डब्यातून पोळीभाजी दिली, त्या डब्याचं हे माहेर. मी मनातल्या मनात त्या ब्रेअर्लीला नमस्कार केला. डबा कधी गंजला नाही. तुमचा अभिप्रायही नाही. रोज संध्याकाळी डबा ओट्यावर ठेवून तुम्ही एकच म्हणायचात, 'मीठ बेताचं होतं.'

मिठावरून आठवलं. १९८४ साली मी बाळंतपणाला येवल्याला गेले होते, तेव्हा तुमचं एक आंतरदेशीय आलं होतं. बेचाळीस वर्षांतलं तुमचं एकमेव पत्र, टपालखात्यातल्या माणसाचं. सगळं मिळून दोन ओळी. 'येथील सर्व क्षेम. मिठाची बरणी सापडत नाही, कुठे ठेवली आहे ते कळवणे.' आईने वाचलं आणि म्हणाली, काय बाई हा जावई! मीही रडले होते तेव्हा. दीड महिन्याने बाळाला घेऊन घरी आले, तर बरणी ओट्यावर समोरच होती, आणि तिच्यावर कागद चिकटवलेला, 'मीठ', तुमच्याच मोत्यासारख्या अक्षरात. मी काही बोलले नाही. तुम्हीही नाही. ते आंतरदेशीय माझ्या पैठणीच्या घडीत आहे, कपाट उघडलंत तर उगाच हात लावू नका.

तुळशीला पाणी घालताना हात आखडता घ्या, पावसाळा लागलाय. बीपीची गोळी सकाळची सकाळीच घ्या. खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे दिवसातून एकदा डोकावून या. भांडायला जा हवं तर, पण जा. सिलिंडर नोंदवा.

परवा मंगळवारी वटपौर्णिमा. पाच वडांवरून जिचं नाव पडलं त्या पंचवटीची मी, आणि इथे एका वडाला महाग झालेय. पोरगा म्हणतो बागेत ओक आहे, तोच धर. शेजारीण म्हणाली, मीपण येते, डॉक्टरांनी मला फेऱ्या मारायलाच सांगितल्यात. तिला सूनबाईने व्रताचा अर्थ सांगितला, सात जन्म हाच नवरा. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, 'द सेम वन, लव्ह? आर यू शुअर?'

मी म्हटलं, चपलांचा हिशोब राहिलाय.

तुमची,
सौ.

ता. क. मीठ ओट्यावरच आहे. बरणीवर लिहिलेलं आहे.